फोटो एडिट केलेले असतात हे माहीत असूनही स्वतःच्या शरीराची लाज का वाटते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची 5 फूट, वजन 52 किलो. ऑनलाइन मागवलेला कुर्ता फोटोतल्या मुलीवर सुरेख दिसतो, तुमच्या अंगावर मात्र पोटापाशी चुण्या. दोन महिन्यांनी बहिणीचं लग्न आहे, म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय. फोटो खरे नसतात हे कळूनही मनातून लाज जात नाही, ती का, आणि आता काय करावं?

आधी तो कुर्ता बघू, कारण सगळा दोष तुम्ही पोटाला दिलाय आणि बहुतेक वेळा तो पोटाचा नसतो. रेडीमेड कुर्ता एका नमुना मापावर बेततात आणि पुढचे साइज ठरावीक इंच वाढवत काढतात. घेर वाढतो, उंचीतला फरक जवळपास धरलाच जात नाही. कॅटलॉगची मॉडेल साधारण 5 फूट 8 इंचांची असते, आपल्याकडे बायकांची सरासरी उंची मात्र 5 फुटांच्या आसपास आहे. त्यामुळे कुर्ता कमरेत जिथे आत घेतलाय तो भाग तुमच्या कमरेच्या इंच-दीड इंच खाली, नेमका पोटाच्या गोलाईवर येतो. कापड तिथे अडकतं, वर सरकतं आणि आडव्या चुण्या पडतात. खात्री करायची असेल तर दोन्ही खांद्यांवर कापड चिमटीत धरून वर ओढा. चुण्या गेल्या तर कुर्त्याची कंबर खाली उतरलेली आहे, एवढंच. टेलरला खांद्यातून पाऊण ते एक इंच उचलायला सांगा. इथे एक चूक हमखास होते: नुसता खांदा उचलला की मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, तेवढाच लहान होतो आणि काखेत काचतं. म्हणून बाही उसवून मुंढा तेवढाच खाली घ्यायला सांगा, त्याहून जास्त नको. गळाही वर येतो, तोही बघून घ्या.

फोटोतल्या मुलीच्या पाठीमागे काय असतं ते दिसत नाही. जास्तीचं कापड मागे गोळा करून क्लिपा लावलेल्या असतात, कुर्ता फोटोच्या आधी स्टीमरने सरळ केलेला असतो, प्रकाश समोरून येतो. उरलेल्या चुण्या कॉम्प्युटरवर पुसतात, कंबरही आत ढकलतात. ट्रायल रूममध्ये दिवा थेट डोक्यावर असतो, म्हणून डोळ्यांखाली आणि पोटाखाली सावली पडते. सेल्फीचंही तसंच: फोन चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर असला की नाक प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसतं. हात लांब करण्यापेक्षा फोन पाच फुटांवर टेकवून टायमर लावा.

आपल्या मापांचा तर प्रश्न आणखी जुना. बाहेरच्या देशांची मापकोष्टकं थोडीफार बदलून इथे वापरली गेली. म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने 'इंडियासाइज' प्रकल्पात मुंबईसह सहा शहरांत सुमारे 25,000 लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेण्याचं काम हाती घेतलं.

आता मनाचं. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीत मॉडेलचा बांधा बदलला असेल तर 'फोटोत बदल केला आहे' असं छापावं लागतं. पण अशा सूचना लावून केलेल्या बहुतेक प्रयोगांत बघणाऱ्या बायकांचं स्वतःबद्दलचं वाईट वाटणं फारसं कमी झालं नाही. तुलना ही विचार करून केलेली गोष्ट नाही, ती नजर पडताक्षणी होऊन जाते. तुम्ही कमकुवत मनाच्या आहात असं अजिबात नाही. पॅसिफिक महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशातल्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला. तिथे भरल्या अंगाची बाई म्हणजे नीट सांभाळलेली बाई असं मानत. ॲन बेकर या संशोधिकेने तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. टीव्ही आला तेव्हा वजन कमी करण्यासाठी उलटी काढणारी एकही मुलगी त्यात नव्हती. 1998 मध्ये ते प्रमाण 11.3 टक्के झालं होतं. मुली त्याच भागातल्या. बदललं ते रोज डोळ्यांसमोर येणारं चित्र.

म्हणून उपायही नजरेपासून सुरू करायचा. ब्लाउजच्या डिझाइनसाठी शोधलंत की चार दिवसांत वजन घटवण्याच्या जाहिराती येतात, कारण तुम्ही कुठे किती सेकंद थांबलात ते ॲप मोजतं. रागाने थांबलात तरी ते थांबणंच. पोस्ट आवडली नाही तर न वाचता लगेच 'नॉट इंटरेस्टेड' दाबा आणि जी अकाउंट बघितल्यावर आरशासमोर जाऊन स्वतःला तपासावंसं वाटतं ती म्यूट करा. कपडे घेताना कंपनीचे फोटो सोडून रिव्ह्यूमधले ग्राहकांचे फोटो बघा, तेही आपल्या उंचीच्या बाईचे. दिवसातून कितीदा पोट चिमटीत धरून बघता तेही मोजा. ही सवय मोडली की बराच भार उतरतो.

रात्रीचं जेवण आजच सुरू करा, हे मी कळकळीने सांगते. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.4 येतो; आशियाई लोकांसाठी जास्त वजनाची मर्यादा 23 धरतात. कंबर मोजायची तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. बायकांसाठी 80 सेंटिमीटरपर्यंत चालतं. उपाशी राहिलं की रात्री साडेदहाला फरसाणाचा डबा उघडतो, मग अपराधी वाटतं, मग दुसऱ्या दिवशी आणखी उपास. शिवाय अन्न एकदम तोडलं तर केस गळायला लागतात ते साधारण दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे तुमच्या बाबतीत ऐन लग्नात.

लग्न म्हटलं की गोरेपणाचंही येतंच. 'फेअर अँड लव्हली'चं नाव 2020 मध्ये बदललं, मागणी गेलेली नाही. मैत्रिणीने दिलेल्या ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर ती चेहऱ्याला लावू नका. ही स्टेरॉइडं आहेत. आठवडाभर त्वचा उजळल्यासारखी वाटते, पुढे ती पातळ होते, लाल पडते, लव वाढते.

पाळी चुकायला लागली, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढाविशी वाटली, जुलाबाच्या गोळ्या घेतल्या किंवा चक्कर आली, तर लग्न होईपर्यंत थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे.

ब्लाउज दादरला शिवायला टाकणार असाल तर माप पोट आत न ओढता, जेवणानंतर आणि त्या दिवशी घालणार असलेली ब्रा घालूनच द्या. दोन्ही बाजूंना इंचभर माया, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं कापड, ठेवायला सांगा. ट्रायल लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी ठेवा. ट्रायलला आरशासमोर नुसतं उभं राहू नका: खाली बसा, वाका, अक्षता टाकतो तसा हात वर करा. हात वर गेल्यावर अख्खा ब्लाउज सोबत वर सरकला तर मुंढा जास्त खोल कापला गेलाय. तो तिथल्या तिथे दाखवा आणि दुरुस्त करून घ्या.