३३० कोटींची ओळ खोडू नकोस

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. तू अभिक्रियांच्या वेगांचा तक्ता करतेयस, आणि हायड्रॉक्सिल रॅडिकलशी (पाण्यावर किरणं पडली की निघणारा तो अतिचपळ OH) होणाऱ्या एकाच अभिक्रियेचे तुला जुन्या पेपरांत तीन रेट कॉन्स्टंट, म्हणजे वेगाचे स्थिरांक, सापडले: ३३०, ५४० आणि ५५० कोटी. (प्रति मोलर प्रति सेकंद. दहाचे घात लिहायचा मला कंटाळा, म्हणून कोटीत.) आणि तू विचारतेस, "सरासरी ४७३ लिहू का?"

नको. ४७३ कोटी हा आकडा आजवर कुणीही मोजलेला नाही.

तो ३३० वाला जुना पेपर परत उघड. पद्धत स्पर्धेची आहे. एकाच द्रावणात तुझं संयुग आणि थायोसायनेट, दोघंही एकाच रॅडिकलवर तुटून पडतात, आणि ४७५ नॅनोमीटर तरंगलांबीला थायोसायनेटचा रंग किती उतरला यावरून कुणाच्या वाट्याला किती आलं ते कळतं. मग त्या माणसाने मोजलं काय? फक्त दोघांच्या वेगांचं गुणोत्तर. ०.५. त्याला त्याने थायोसायनेटच्या रेट कॉन्स्टंटच्या तेव्हाच्या किमतीने गुणलं. १९६० च्या दशकात ती ६६० कोटी धरत. पुढे लक्षात आलं की ४७५ ला दिसतं ते एकटं रॅडिकल नाही, ती रॅडिकल आणि दुसऱ्या थायोसायनेटची जोडी आहे, आणि ती जोडी जुळते तशी सुटतेही. तो समतोल हिशेबात धरला की किंमत १,१०० कोटी येते. आता ०.५ ला ६६० ने गुण, मग १,१०० ने गुण. दिसलं?

५५० वाल्या पेपरात प्रयोग आहे का ते बघ. मी पैजेवर सांगतो, नसेल. जुनंच गुणोत्तर नव्या किमतीने गुणलेलं असेल. तुझ्याकडे साक्षीदार तीन नाहीतच, दोन आहेत; एकाची साक्ष दोनदा नोंदवली गेलीय. ५४० वाल्याने मात्र उत्पादाचा रंग चढताना बघून थेट मोजलंय. म्हणजे दोघांचं जवळजवळ एकमत आहे, आणि ते तू सरासरी काढून मोडायला निघाली होतीस.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि या पत्रात आणखी दोन-तीनदा सांगणार आहे: जे मोजलं ते लिही. काढलेला आकडा त्याच्या शेजारच्या रकान्यात. गुणोत्तर वेगळं, लेखकाने वापरलेली संदर्भकिंमत वेगळी, आपण आज धरतो ती वेगळी. उद्या १,१०० चंही काही वेगळं निघालं तर तुझा तक्ता एका दुपारीत दुरुस्त होईल. नुसते ५५० लिहून ठेवलेस तर तो तक्ता त्याच दिवशी मेला.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी दोन वर्षं घालवून शिकलो. कोबाल्ट-६० च्या किरणस्रोताचा डोस-रेट (द्रावण ठरावीक वेळात किती किरणऊर्जा शोषतं तो दर) मी फ्रिकच्या द्रावणाने काढत असे. त्यातल्या फेरस लोहाचं किरणांनी फेरिक होतं, ३०४ नॅनोमीटरला शोषण वाचायचं, शोषलेल्या ऊर्जेच्या दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे १५.५ फेरिक धरायचे, झालं. पण हा १५.५ द्रावणात ऑक्सिजन असेपर्यंतच खरा. हवेने संपृक्त द्रावणाला चारएकशे ग्रेच्या (ग्रे हे डोसचं एकक) पुढे नेलं की ऑक्सिजन संपत येतो आणि तोच आकडा ८ च्या आसपास घसरतो. मी घाईत लांब वेळा देत होतो. शोषणाचे आकडे लिहून ठेवले असते तर आलेखात रेघ कुठे वाकली ते कुणालाही दिसलं असतं. मी वहीत काय लिहिलं? "डोस-रेट" आणि पुढे एक आकडा. कधी तेही नाही, नुसतं "नेहमीप्रमाणे". शंका आली तेव्हा मागे जायला वाटच उरली नव्हती. त्या दोन वर्षांतला एकही आकडा मी आज कुणाला देत नाही.

हे कारकुनी काम आहे असं तुला कुणीतरी ऐकवलंय. कुणी ते तू लिहिलं नाहीस, मी विचारतही नाही. नोटर डेम विद्यापीठाच्या रेडिएशन लॅबोरेटरीतल्या डेटा सेंटरने अशीच कारकुनी वर्षानुवर्षं केली. १९८८ साली बक्स्टन, ग्रीनस्टॉक, हेलमन आणि रॉस यांनी हायड्रेटेड इलेक्ट्रॉन (पाण्याच्या रेणूंनी वेढलेला सुटा इलेक्ट्रॉन), हायड्रोजन अणू आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल यांच्या ३,५०० हून जास्त अभिक्रिया पारखून छापल्या. ते तक्ते उघडलेस तर आकड्याशेजारी पीएच दिसेल, पद्धत दिसेल, शेरा दिसेल. आपण सगळे त्यातून फक्त आकडा उचलतो आणि शेरा तिथेच सोडून येतो. मीही तेच केलंय, त्यामुळे फार बोलत नाही.

ओळी गोळा करताना त्या प्रयोगात द्रावणात वायू कोणता होता ते नोंदवायचं सोडू नकोस. नायट्रस ऑक्साइडने संपृक्त असेल तर हायड्रेटेड इलेक्ट्रॉनचंही हायड्रॉक्सिल होतं, रॅडिकल जवळजवळ दुप्पट मिळतात; आर्गॉन असेल तर इलेक्ट्रॉन मोकळा हिंडतो आणि तुझ्या संयुगाला तोही खातो. दोन आयनांची अभिक्रिया असेल तर आयनिक स्ट्रेंग्थ (द्रावणात एकूण आयन किती, याचं माप) हवीच. आणि पेपरात एखादी गोष्ट दिलेली नसेल तर रकाना रिकामा ठेवू नकोस, "दिलेलं नाही" असं लिही. रिकाम्या चौकोनाचा अर्थ "बघायचं राहिलं" असाही होतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न: तक्ता पूर्ण झाल्याशिवाय इतरांना द्यावा का? इथे माझा सल्ला घ्यावास की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या कपाटात अशाच आकड्यांची शेकडो कार्डं आहेत. लोक म्हणाले मी दडवून बसलो. मी दडवत नव्हतो, पडताळत होतो. चुकीचा आकडा एकदा बाहेर गेला की तो कुणाच्या तरी सिम्युलेशनमध्ये बसतो आणि परत येत नाही. फ्रिकचा चटका बसलेल्या माणसाला ही भीती वाटणारच, आणि ती वाटणं चूक होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण त्या कार्डांवरच्या एका अभिक्रियेवर दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या एका मुलाने आठ महिने घालवले, हेही खरं. त्याला ते कार्ड मिळालं असतं तर एक आठवड्यात तो पुढे गेला असता. तू जे मोजलं ते लिहिलंस तर अर्धवट तक्ताही देता येतो, कारण घेणारा स्वतः तपासू शकतो. माझी बरीच कार्डं देण्याजोगी नाहीत ती अर्धवट आहेत म्हणून नव्हे. त्यांवर नुसती उत्तरं आहेत.

तर शुक्रवारपर्यंत थायोसायनेटच्या ओळी पाठव, आहेत तशा. सगळ्या गुणोत्तरांसकट. ३३० ची ओळ खोडू नकोस, तिच्यापुढे ६६० लिही.

आणि कार्डांची ती पेटी मी तुझ्याकडे पाठवतोय. अक्षर वाईट आहे, लागेल ते विचार. जिथे "नेहमीप्रमाणे" दिसेल तिथे मला विचारू नकोस, मला आठवणार नाही आणि तरी मी काहीतरी सांगेन. तिथे सरळ "दिलेलं नाही" असं लिही.