बेळगावजवळ भुताटकीचा खजिना शोध आणि शेवटी सिनेमा: कसं जमवायचं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: उद्यमबागेतल्या कारखान्यातली तीसेक माणसं, जांबोटी रस्त्याकडचं एक शेतघर आणि एक शनिवारची संध्याकाळ. टोळ्या करून भुताटकीचा खजिना शोध खेळायचा आणि शेवटी सगळ्यांनी बसून सिनेमा बघायचा. लोक खरंच घाबरतील असं काय करता येईल, हे तुम्हाला हवंय. आमच्या कंपनीत हा उद्योग माझ्याच गळ्यात पडतो, म्हणून सांगतो.

मुखवटे घालून झाडामागून किंचाळत येणारा पोरगा आधी यादीतून काढून टाका. पहिली टोळी दचकते, दुसरी हसते आणि तिसऱ्या टोळीतलं कुणीतरी त्या पोराच्या कानाखाली वाजवतं. आपल्याकडं याहून भारी भूत आहे आणि त्याला दिसावंसुद्धा लागत नाही. चकवा! खानापूरकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. ओळखीच्या माळावर वाट चुकून पहाटेपर्यंत तिथल्या तिथं फिरत राहिलेल्या कुणाची तरी गोष्ट निघतेच. सगळा खेळ याच्यावर बांधा.

म्हणजे कसं, तर खुणा अशा लिहायच्या की टोळी तीन वेगळ्या वाटांनी जाऊन तीनदा एकाच आंब्याखाली पोचली पाहिजे. आंब्याखाली एक जुनी लाकडी खुर्ची ठेवा. पहिल्या खेपेला खुर्चीचं तोंड वाटेकडं. दुसऱ्या खेपेला झाडाकडं. तिसऱ्या खेपेला खुर्चीवर एक कागद, त्यावर त्या टोळीतल्या सगळ्यांची नावं आणि एक नाव जास्तीचं. खुर्ची फिरवणारा माणूस वैरणीच्या गंजीमागं गप बसलेला असतो, त्याला खोकला नसावा एवढंच बघा. आमच्याकडं सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) काम करणारा एक धिप्पाड गडी दुसऱ्या खेपेला नुसता "परत हितंच आलोय की वो!" म्हणाला, आणि पुढं शेतघर येईपर्यंत कुणी बोललं नाही. आवाज, रक्त, पांढरी साडी यातलं काहीही लागलं नव्हतं.

खुणेची चिठ्ठीही आपल्या घरातल्याच सामानातून करा. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून काडीनं पांढऱ्या कागदावर लिहायचं आणि वाळू द्यायचं. काही दिसत नाही. टोळीला एका वाटीत स्पिरिटमध्ये कालवलेली हळद आणि कापसाचा बोळा द्या. बोळा फिरवला की कागद पिवळा होतो आणि अक्षरं तांबडीलाल उमटतात. क्षारानं हळद लाल होते, चुना घालून हळदीचं कुंकू करतात तोच प्रकार. फक्त स्पिरिट आहे, तेव्हा वाटीजवळ कंदील किंवा मेणबत्ती ठेवू नका.

आपल्या भागात आणखी एक सोय आहे, ती वापरा. अर्धी खूण मराठीत आणि अर्धी कन्नडमध्ये लिहा. मग टोळ्या आपोआप मिसळतात. एरवी डबा खाताना वेगळ्या बाकावर बसणारे ऑपरेटर आणि अकाउंट्सवाले एकाच कागदावर डोकी घालून बसतात. टीमसाठीचे खेळ म्हणून बाहेरून माणूस बोलावतात, त्यापेक्षा मला हे जास्त पटतं.

तारीख ठरवताना अमावस्या टाळा. निम्मी माणसं घरून निघणार नाहीत, आणि निघाली तरी त्यांच्या आईचे फोन येत राहतील. पितृपंधरवडाही नको. वद्य सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा शनिवार बघा. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे खेळाला पुरेपूर अंधार मिळतो. मोबाईल जमा करून घ्या आणि टोळीमागं एकच बॅटरी द्या, तिच्या काचेला लाल जिलेटिन कागद लावून. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. पांढरा उजेड ती सवय एका झटक्यात मोडतो, लाल उजेड तेवढी मोडत नाही. विहीर, शेततळं आणि उसाचा फड यांच्याकडं एकही खूण नेऊ नका. खेळाची हद्द दिवसाउजेडी दोरी बांधून दाखवा.

शेतघर सोडून कुठं जावंसं वाटलं तर थांबा. बेळगावच्या किल्ल्यात रात्री हिंडायचं नाही, तिथं लष्कराचा भाग आहे. खानापूरच्या जंगलात अस्वलं खरी आहेत, आणि भीमगड तर अभयारण्यच आहे. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 साली फाशी दिलं, ती जागा लोकांच्या श्रद्धेची आहे. तिच्यावर भुताची गोष्ट रचू नका, कुणी गमतीत सुचवलं तरी.

आता सिनेमा. घरच्या ओटीटी खात्यावरून कंपनीच्या कार्यक्रमात सिनेमा दाखवणं नियमात बसत नाही. ते खातं घरगुती वापरापुरतं असतं. नवा सिनेमा हवा असेल तर हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या. नाहीतर जुन्याकडं वळा. भारतात सिनेमाचा हक्क तो प्रदर्शित झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. त्या हिशेबानं 1949 चा 'महल' आणि 1962 चा 'बीस साल बाद' यांची मुदत संपली आहे. माझं मत 'बीस साल बाद'ला. काळापांढरा, धुकं, हवेली, आणि लताबाईंचा आवाज लांबून येतो तेव्हा नुकतंच आंब्याखालून आलेलं माणूस एकदा तरी मागं वळून बघतंच. सिनेमा मोठा आहे, म्हणून खेळ सातला सुरू करून साडेआठपर्यंत उरका.

खजिना म्हणून चॉकलेटचा डबा ठेवू नका. एका टोळीला प्रोजेक्टरची केबल सापडू दे, दुसरीला रिमोट, तिसरीला स्पीकरची वायर, चौथीला पडद्याची चादर. चारही वस्तू आल्याशिवाय सिनेमा सुरू होत नाही. आधी पोचलेली टोळी मग मागच्यांना शोधायला स्वतःहून परत अंधारात जाते. लाईट जाईल हे धरून जनरेटर आधीच सांगून ठेवा आणि तो पडद्यापासून लांब, घराच्या पाठीमागं लावा.

खायला भडंग, मिरची भजी आणि चहा पुरे, कुंदा शेवटी. परतताना कुणालाही एकट्यानं दुचाकीवर सोडू नका. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवा आणि त्याचे पैसे माणशी आधीच गोळा करा.