पाटल्या, तांगा आणि दिवाळीची साफसफाई

प्रश्न : डॉक्टरकाका, नमस्कार. सासूबाई 79 वर्षांच्या आहेत. मधुमेहासाठी वीसेक वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. थोडंफार विसरणं वर्षभरापासून होतं, पण दिवाळीनंतर फारच वाढलंय. स्वतःच पाटल्या लपवतात आणि शेजारच्या काकूंना सांगतात, "सुनेनं नेल्या." मागच्या आठवड्यात त्या तांदळाच्या डब्यात निघाल्या. दिवेलागणीला पिशवी भरून दाराशी बसतात, "वाड्यावर जायचंय, हे वाट बघत असतील." सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. आमचे हे म्हणतात, वय झालं, चालायचंच. नणंदबाई म्हणतात, डोक्याच्या डॉक्टरकडे नेलंत तर लोक म्हणतील बाणगंगेला, वेड्यांच्या इस्पितळात नेलं. काय करू?
— एक सून, रामबाग, इंदूर

उत्तर : सूनबाई, आधी पाटल्यांचं बोलू, कारण तुम्हाला लागलंय ते तेच. ठेवल्याचं आठवत नाही, वस्तू मात्र जागेवर नाही. मग कुणीतरी नेलीच असणार, आणि घरात सतत हाताशी कोण, तर तुम्ही! विसरण्याच्या ज्या आजाराला अल्झायमर म्हणतात, त्याची 1901 मध्ये फ्रँकफर्टला डॉ. अल्झायमर यांच्यापुढे आलेली पहिली बाई 51 वर्षांची होती. तिच्या आजाराची सुरुवातही नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती. हे वाचून तुमचा राग जाणार नाही, पण वाद घालू नका. "चला, दोघी मिळून शोधू" म्हणा आणि तांदळाच्या डब्यापासून सुरुवात करा. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये टाका.

आता तुमच्या यजमानांसाठी. मला खटकतंय ते "दिवाळीनंतर". अल्झायमर हळूहळू, वर्षानुवर्षं पसरतो. काही आठवड्यांत माणूस एवढं बदललं, तर दुसरं काहीतरी शोधायलाच हवं. साफसफाईत सासूबाई स्टुलावरून पडल्या होत्या का? म्हातारपणी डोक्याला किरकोळ मार बसला तरी कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत राहू शकतं आणि आठवड्यांनी गोंधळ सुरू होतो. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं, आणि बहुतेकदा साध्या ऑपरेशनने निघतं. लघवीच्या इन्फेक्शननेही म्हातारी माणसं बरळतात, कधी ताप नसतानासुद्धा. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतलं की बी-12 जीवनसत्त्व उतरू शकतं आणि त्यानेही विसरायला होतं, त्यात शाकाहारी असतील तर बघायलाच नको. थायरॉइड, सोडियमही तपासा. घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता, काकूंनी प्रेमाने दिलेली झोपेची गोळी आणि सर्दीचीसुद्धा. या गोळ्यांनी धडधाकट म्हातारं माणूसही गोंधळतं.

नणंदबाईंना सांगा, आधी मधुमेहाच्याच डॉक्टरांकडे जायचंय, मग गरजेप्रमाणे न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. आपल्या इंदुरात बाणगंगा हे वस्तीचं नाव उरलेलंच नाही, त्याची शिवी झाली आहे. त्या शिवीला भिऊन लोक सहा-सहा महिने घालवतात. मी चाळीस वर्षं हेच बघत आलो.

संध्याकाळचं मला घरचंच ठाऊक आहे. माझी आई रोज विचारायची, "तांगा आला का?" मी शहाणपणाने सांगायचो, "आई, तांगे बंद झाले, बाबाही गेले." ती दर वेळी नव्याने रडायची. आठ-दहा दिवसांनी माझी अक्कल ठिकाणावर आली आणि मी म्हणायला लागलो, "येतोय, घोड्याला पाणी पाजतोय. तोवर चहा घे." ती चहा घ्यायची, कपबशी विसळून ठेवायची आणि तांगा विसरायची. खोटं बोललो, होय. तुम्हीही वाड्याचंच विचारा, विहीर कुठे होती, माडीवर कोण राहायचं. अंधार पडायच्या आधी घरातले दिवे लावा, सावल्यांनी घाबरगुंडी वाढते.

आणि 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालतो. तो सासूबाईंसाठी नाही, तुमच्यासाठी देतोय.

रिपोर्ट आले की कळवा. पडण्याचं मात्र आजच विचारा, मोलकरणीलाही. "कुणाला सांगू नकोस हं" असं सासूबाईंनी तिलाच बजावलेलं असायचं.