लॉरडान की डीपीएच ते नंतर, आधी क्युव्हेटमध्ये तापमापी घाला

तुमचा प्रश्न: डीपीपीसी या लिपिडाचं (पेशींच्या पडद्यात असतो तशा स्निग्ध पदार्थाचं) पटल घट्ट जेलमधून द्रव अवस्थेत कधी जातं हे साध्या फ्लुरोमीटरवर, म्हणजे चमक मोजणाऱ्या यंत्रावर, पाहायचंय, तर पटलात घालायला लॉरडान हे चमकणारं रंगद्रव्य घ्यावं की डीपीएच?

लॉरडान घ्या. डीपीएचला पोलरायझर (ठराविक दिशेत कंप पावणाराच प्रकाश सोडणारे फिल्टर) लागतात, आणि जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात ते असले तरी कपाटात कुलूपबंद असतात. लॉरडान जेलमध्ये ४४० नॅनोमीटरजवळ चमकतं. पटल वितळून पाणी आत शिरलं की ४९० कडे सरकतं. दोन्ही तीव्रतांची वजाबाकी (४४० ची उणे ४९० ची) भागिले बेरीज, झाला जीपी, म्हणजे जनरलाइज्ड पोलरायझेशन.

पण तुमचं घोडं तिथे अडणार नाही. माझं डिसेंबरात जळगावात अडलं होतं. डीपीपीसी ४१ अंशांच्या आसपास वितळतं; माझा जीपी वॉटर बाथच्या (नळीतून यंत्राला गरम पाणी पुरवणाऱ्या टाकीच्या) आकड्यावर ४४ ला कोसळायचा. तीनदा केलं, तीनदा ४४. गाईड सर म्हणाले, "लिपिड खराब केलंस." अहो, लिपिडात भेसळ असती तर उतार पसरला असता! माझा तर कडा कोसळावा तसा होता. प्रयोगशाळेतले मामा बाथपासून फ्लुरोमीटरपर्यंतची हातभर लांब रबरी नळी चाचपून म्हणाले, "पानी नळीमाच थंड व्हई जास, भाऊ." मी क्युव्हेटमध्येच, म्हणजे नमुन्याच्या छोट्या पारदर्शक पात्रातच, बारीक तापमापी सोडली. बाथ ४४, आत ४१! सरांनी बघितलंसुद्धा नाही. प्रबंधात 'नमुन्यातील अशुद्धी' असंच छापून आलं.

मे महिन्यात, खोलीतच चाळिशीचा पारा असताना, त्याच बाटलीतल्या लिपिडाने बाथच्या आकड्यावरही ४१ च दाखवलं. लिपिड उन्हाळ्यात सुधारतं का?

म्हणून सांगतो, बाथच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, गाईडच्या तर नकोच. प्रत्येक तापमानाला पाच-दहा मिनिटं थांबा. पुटिका (पाण्यात लिपिडाच्या पटलाचे होणारे पोकळ गोळे) बनवताना पाणी ४१ च्या वरच ठेवा, नाहीतर लिपिड नीट फुगत नाही.

एक राहिलं. जीपी म्हणजे अवस्था नव्हे, तो लॉरडानभोवतीच्या पाण्याचा अंदाज आहे. कोलेस्टेरॉल घातलंत की तो कडा सपाट होतो, तेव्हा घाबरू नका. आणि डीएमपीसी (डीपीपीसीसारखंच दुसरं लिपिड) घ्यायचा विचार असेल तर ते २४ ला वितळतं. आपल्याकडच्या मे महिन्यात नुसत्या तापवणाऱ्या बाथवर ते दिसायचं नाही, बर्फ लागेल. आमच्या वेळी बर्फाचे पैसे मीच भरले होते.