नाचणी, ज्वारी, राजगिरा... सगळं एकाच घरातलं का?

प्रश्न: ताई, कोपरखैरण्याच्या दुकानात मिलेट पिठाचं पाकीट घेतलं, त्यात ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आणि राजगिरा आहे. हे सगळं एकच कुळ आहे का हो?

उत्तर: राजगिरा आधी बाजूला काढा, ते गवतच नाही, ती माठाच्या भाजीची जवळची नातेवाईक. बाकी चारही गवत कुळातली, पण मिलेट हा शास्त्रातला गट नाही, बारीक दाण्याच्या धान्यांना आपण दिलेलं सोयीचं नाव आहे. ज्वारीचं जवळचं नातं ऊस, मका आणि आपल्या गवती चहाशी. बाजरी, वरी आणि राळा दुसऱ्या शाखेतले, तरी ज्वारीच्याच उपकुळात. नाचणी मात्र वेगळ्याच उपकुळातली आणि तिथे तिच्यासोबत कोण आहे तर दूर्वा! मला हे फार आवडतं. सोसायटीच्या लॉनच्या कडेला हरळीला, म्हणजे दूर्वेलाच, तुरा आला की वाकून बघा, दांड्याच्या टोकाला बोटांसारखे पसरलेले फाटे दिसतील, नाचणीचं कणीसही तसंच, फक्त जाडजूड.

आणि ही चारही सी-फोर पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात, म्हणजे पानातच कार्बन डायऑक्साइड एकवटून घेतात, म्हणून कडक उन्हात कमी पाण्यावर तग धरतात. तांदूळ आणि गहूसुद्धा गवतच, पण त्यांच्यात ही सोय नाही.

उपासाला राजगिरा हवा असेल तर वेगळा घ्या, या पिठात ज्वारी-बाजरी आहे.