सेल्फ घरी बदलता येतो का, की मेकॅनिकच बोलवावा?

प्रश्न असा आहे: "जुन्या वॅगनआरची चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो सेल्फ गेला, नवीन टाका. घरीच बदलता येईल का? कोणते पाने लागतील, वेळ किती लागेल?"

बदलता येतो. सेल्फ म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर. दोन बोल्ट, एक जाड केबल, एक बारीक वायर, एवढाच मामला. बहुतेक छोट्या गाड्यांना 12 आणि 14 चे पाने, गोटी (सॉकेट) सेट आणि एक लांब एक्स्टेन्शन पुरतं. हात बसलेला असेल तर तासाभराचं काम, नसेल तर अर्धा रविवार धरा. पण बदलायचा कशाला, ते आधी सांगा. गॅरेजवाल्याने व्होल्टेज मोजायचा मीटर लावला होता का? की चावी फिरवली, टक् ऐकलं आणि बिलबुक काढलं?

हे मला लागायचं कारण आमचे जावईबुवा.

2018 च्या अधिक ज्येष्ठात लेक-जावई धोंड्याच्या जेवणाला पुण्याहून आले होते. मे संपत आलेला, नवतपा लागलेला, पारा 45 च्या आसपास. तेहतीस अनारशांचं ताट झालं, जावयाला नवे कपडे झाले, आणि ऊन उतरल्यावर रामटेकला जायचं ठरलं. माझ्या मारुती 800 ची चावी फिरवली तर टक्. परत फिरवली, परत टक्. जावईबुवांनी खिडकीतून ऐकलं आणि निकाल देऊन टाकला, "बाबा, सेल्फ गेला. हल्ली पूर्ण असेंब्लीच बदलतात, आतलं कोणी उघडत नाही." एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पुढे म्हणाले, "आणि या वयात गाडीखाली जाऊ नका." मी ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेला माणूस. पण जावयाशी वाद घालायचा नसतो, अधिक महिन्यात तर मुळीच नाही. म्हणून तेव्हा गप्प राहिलो, आता लिहितो.

टक् म्हणजे सेल्फ गेला असं नाही. टक् म्हणजे सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच, ओढला गेला, एवढंच. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा 100 अँपिअरच्या वर करंट खातो. वाटेत कुठे गंजलेलं टर्मिनल असेल आणि त्याचा रोध ओहमचा शंभरावा भाग जरी असला, तरी तिथेच एक व्होल्ट मरतो. बॅटरीच्या टोकावरची ती पांढरी-हिरवी पूड दिसते ना, ती आधी गरम पाण्याने धुवा. निम्मे 'गेलेले' सेल्फ तिथेच जिवंत होतात, असं माझं मत आहे.

मग मीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी 12.6 व्होल्टच्या जवळपास दाखवायला हवी. कोणाला तरी चावी फिरवायला लावा. त्या क्षणी व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळलं तर दोष बहुधा बॅटरीत. आपल्या नागपूरच्या उन्हात बॅटऱ्या लवकर मरतात, हे पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही. बॅटरी ठीक निघाली, तर मीटरची लाल तार बॅटरीच्या प्लसवर आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टवर धरून परत चावी. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर केबल नाहीतर जोड खराब. इंजिन बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात तेच करा. अर्थिंगची पट्टी कोणी बघतच नाही.

माझ्या 800 मध्ये हे सगळं नीट होतं. हेडलाइट लावून चावी फिरवली तर उजेड जरासाही मंद होईना. म्हणजे करंट मोटरमध्ये शिरतच नव्हता. हातोडीच्या दांड्याने सेल्फला दोन हलके टोले दिले आणि इंजिन फिरलं. टोल्याने फिरतो तो बहुधा कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) घासलेला सेल्फ. जावईबुवांना हे सांगितलं तर म्हणाले, "योगायोग असेल."

टोल्यावर चालू होणारी गाडी रामटेकला कोण नेणार? दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत सेल्फ काढला. मागचं झाकण उघडल्यावर चारही कार्बन झिजून एवढे आखूड झालेले की स्प्रिंगचा दाब कम्युटेटरपर्यंत (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल) पोचतच नव्हता. बाकी आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा भाग) ठणठणीत, बेंडिक्सचे (इंजिनच्या चाकात अडकणाऱ्या छोट्या गिअरचे) दात शाबूत. घाट रोडला जाऊन कार्बनचा सेट आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) आणले. नव्या सेल्फच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यातही खर्च आला नाही. कम्युटेटर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने साफ केला (एमरी वापरू नका). दोन कार्बन फील्ड कॉइलच्या (मोटरमधल्या स्थिर गुंडाळीच्या) तारेला डाग देऊन लावावे लागतात. त्याला मोबाइल दुरुस्तीचा सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, मोठा लागतो.

परत चढवताना टॉर्च धरायला कोणी नव्हतं. शेवटी जावईबुवाच नव्या कपड्यांत उकिडवे बसले. घरातून आवाज आला, "अहो, जावयाले गाडीखाली घालता का आता!" घातलं नाही, फक्त टॉर्च धरायला लावली. पहिल्या चावीला गाडी सुरू. सगळे रामटेकला गेलो, गडावर चढून आलो. तर गाडीतून उतरताना म्हणतात, "तात्पुरतं चालेल." ती 800 मी विकेपर्यंत तोच सेल्फ होता.

आता त्यांचा नवीन मुद्दा: "बाबा, तुमच्या वेळेची किंमत धरा ना." स्वतः मात्र गाडी टाकून अर्धा दिवस गॅरेजच्या सोफ्यावर मोबाइल बघत बसतात. त्या तासांचा बहुतेक वेगळा पगार मिळत असावा.

हो, काही गोष्टी राहिल्या. बॅटरीचा मायनस काढल्याशिवाय सेल्फला पाना लावू नका. त्या जाड केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो, पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात आणि पाना चिकटतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावा, चाकांना विटा लावा. या एका बाबतीत जावईबुवांची काळजी रास्त होती. सोलेनॉइडच्या तांब्याच्या बोल्टवर जोर करू नका, तो आत फिरला की सोलेनॉइड गेला. चावी एका दमात दहा सेकंदांच्या वर धरायची नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हातच लावू नका. चावी फिरवल्यावर टक् न होता घर्र असा दातावर दात घासल्यासारखा आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलची रिंग (बेंडिक्सचे दात जिच्यात अडकतात ती) तपासून घ्या. ती खराब असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते अंगणातलं काम नाही.

आणि आर्मेचर जळलेलं निघालं, वास येतोच, तर खुशाल नवीन टाका. फक्त दुकानात जाताना जुना सेल्फ सोबत न्या, मोबाइलमधला फोटो नको. बेंडिक्सचे दात मोजा, बोल्टची भोकं एकावर एक धरून बघा, आणि मगच पैसे द्या.