संगीत विशेष शब्दकोडं: ‘मनी नसलेला राजा’, दोन घरं. उत्तर काय?

उत्तर ‘भूप’. इथे ‘मनी’ सलग वाचू नका. म आणि नी असे दोन स्वर सुटे करा. भूप रागात मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य असतात, आरोह-अवरोहात फक्त सा रे ग प ध. आणि भूप म्हणजे राजा, त्यामुळे संकेताची दोन्ही टोकं जुळतात. फार सुंदर रचलाय संकेत! म-नी देशकार रागातही नसतात, पण त्याला चार घरं लागतात आणि राजाही बसत नाही. मात्र शाईने लिहिण्याआधी उभा शब्द तपासा. नुसता ‘राजा’ एवढाच संकेत असता तर ‘नृप’ किंवा ‘राव’ही चाललं असतं. याच कोड्यात ‘झोपाळा’ आला तर आधी ‘हिंडोल’ बसवून बघा, हाही राग आणि अर्थही झोपाळाच.